भयानक रसाचे उद्दीपन आणि व्हिडिओ गेमची शिफारस

भयानक रसाचा स्थायीभाव भय होय. हे भय ज्याच्यामुळे उपजते तो आलंबन विभाव आणि ज्या परिस्थितीमुळे ते वाढीस लागते तो उद्दीपन विभाव, असा भेद संस्कृत साहित्यशास्त्राने केला आहे. मानसशास्त्रीय भयाचे व्हिडिओ गेम या भेदाच्या साहाय्याने चांगले उलगडतात. किंबहुना, एका रसिकाने दुसऱ्यास असा खेळ कसा सुचवावा, या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

मराठी वाचकास हा प्रकार सर्वस्वी नवा नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी त्याची पूर्वतयारी करून ठेवली आहे. नाशिकचे कुसुमाग्रज यांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ या नावाने ज्याचे मराठी रूप सिद्ध केले, त्या ‘मॅक्बेथ’मध्ये मेजवानीच्या प्रसंगी अवतरणारे पिशाच एकट्या राजास दिसते, इतरांस रिकामे आसनच दिसते. आलंबन बाहेर नसून पाहणाऱ्याच्या मनात आहे, हेच या प्रकाराचे मर्म होय.

कोनामी या जपानी कंपनीचा ‘सायलेंट हिल २’ (२००१) याच मर्मावर उभा आहे. मृत पत्नीचे पत्र हाती पडल्यामुळे जेम्स नावाचा गृहस्थ एका धुकट गावात येतो. त्यास तेथे भीषण आकृती भेटतात. परंतु त्याच गावात हिंडणाऱ्या लॉरा या लहान मुलीस त्यांपैकी काहीच दिसत नाही. या मालिकेच्या पहिल्या खेळात (१९९९) दूरचे दृश्य रेखाटण्याची यंत्राची असमर्थता धुक्याने झाकली होती. साधनाची मर्यादाच पुढे उद्दीपन ठरली.

स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’मध्ये (२०१०) खेळाडूच्या हाती शस्त्र दिले नाही. अंधारात थांबल्यास नायकाचे मनःस्वास्थ्य ढळते. उजेड करावा तर कंदिलाचे तेल सरते. वाचकास कथेतील पात्राविषयी भय वाटते. येथे पुढचे पाऊल त्याने स्वतःच टाकावयाचे असते. याच संस्थेच्या ‘सोमा’ (२०१५) या खेळात पुढे २०१७ मध्ये अशी सोय करण्यात आली की, राक्षस नायकाचा जीव घेऊ शकत नाहीत. तथापि खेळातील अस्वस्थता त्यामुळे नाहीशी होत नाही. कारण ‘मी म्हणजे कोण’ हा तिचा मूळ प्रश्न तसाच उरतो.

नाशिकच्या रसिकास प्रथम सुचवावा असा खेळ मात्र तैवानच्या रेड कँडल गेम्सचा ‘डिटेन्शन’ (२०१७) हा होय. तैवानात १९४९ ते १९८७ या काळात लष्करी कायदा होता. त्यातील साठच्या दशकातील एका शाळेत, निषिद्ध पुस्तके गुप्तपणे वाचणाऱ्यांच्या भोवती ही कथा घडते. भटकणाऱ्या आत्म्यांजवळून श्वास रोखून जावे लागते. त्यांचे लक्ष वळवावयाचे तर भाताचे वाडगे ठेवावे लागते. रामकुंडावरील पिंडदान पाहिलेल्यास भाताचा हा अर्थ परका वाटणार नाही. शिवाय खेळ आकाराने लहान आहे आणि त्यात हाताच्या चपळाईची फारशी अपेक्षा नाही.

शिफारस करणाऱ्याची खरी कसोटी यापुढे लागते. असा खेळ पूर्ण परिणामाने एकदाच अनुभवता येतो. रहस्य एकदा कळले की ते परत घेता येत नाही. म्हणून उद्दीपन मोकळेपणाने सांगावे: धुके, अंधार, ध्वनी, गती, लागणारा वेळ. आलंबन मात्र झाकून ठेवावे.

या नियमास एक अपवाद आहे. ‘डिटेन्शन’मध्ये आत्महत्येचा, तर ‘सायलेंट हिल २’मध्ये दीर्घ आजाराचा व कौटुंबिक अत्याचाराचा विषय येतो. ज्याच्या घरी असे दुःख नुकतेच घडले आहे, त्यास तो विषय आधी न सांगणे हा रसभंग टाळणे नव्हे, ती निष्काळजी होय. कोणावर काय ओढवते हे न सांगता केवळ विषयाचे नाव सांगणे शक्य असते. तेवढ्याने कथेचे रहस्य अबाधित राहते आणि खेळावे की न खेळावे, हा निर्णय ज्याचा त्याच्या हाती राहतो. रसिकाचे भय हे त्याने स्वेच्छेने पत्करलेले असावे. तेव्हाच ते रसपदवीस पोचते.