हाताच्या टप्प्याबाहेरचे पाणी

चाळीसगावात किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ‘नर्सिंग होम’ अशी पाटी दिसली, की ती एखाद्या खासगी दवाखान्याची, बहुधा प्रसूतिगृहाची, असे लोक समजतात. पाश्चात्त्य देशांत मात्र ज्या वृद्धांना उठणे-बसणे, जेवणे, शौचाला जाणे स्वतःहून जमत नाही, त्यांना कायम सांभाळणाऱ्या निवासाला हेच नाव आहे. आपल्याकडे हे काम वृद्धाश्रम आणि अलीकडची शुश्रूषा केंद्रे करतात. तेथील दुर्लक्ष हा छळाचाच एक प्रकार असला, तरी त्यात कोणी हात उगारत नाही, शिवी देत नाही. जे करायला हवे ते वेळेवर होत नाही, एवढेच घडते, आणि म्हणूनच त्याची तक्रारही होत नाही.

खानदेशात हा प्रश्न आता घराघरांत येऊ लागला आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले सुमारे 10 कोटी 40 लाख लोक होते आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ होते. शेतीवर भागेना म्हणून मुले नाशिक, पुणे, सुरत येथे स्थिरावली, आणि गावी राहिलेला म्हातारा किंवा म्हातारी अंथरुणाला खिळली की सुनेच्या एकट्या हातांवर भार पडतो. तेथून संस्थेचा शोध सुरू होतो, आणि त्यासाठी त्या कुटुंबाला दोष देणे अन्यायाचे आहे.

दुर्लक्षाचा पहिला पुरावा बहुधा माकडहाडावर सापडतो. एकाच कुशीवर किंवा पाठीवर तासन्‌तास पडून राहिल्याने हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि लालसर चट्टा उमटतो. तो बोटाने दाबून सोडल्यावर क्षणभर पांढुरका झाला नाही, तर आतली इजा सुरू झाली असे समजतात. हीच दाबजखम, जिला सगळे ‘बेडसोअर’ म्हणतात, आणि ती पुढे हाडापर्यंत जाऊ शकते. उपाय साधा आहे: साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे, पोटात पुरेसे अन्न जाणे. पण वीस खाटांपैकी दहा जणांना स्वतः वळता येत नाही आणि प्रत्येकाला वळवून पुसायला दहा मिनिटे लागतात असे धरले, तर दर दोन तासांतली शंभर मिनिटे त्यातच जातात. रात्रपाळीला असलेल्या एकट्या ‘मावशी’ने मग पाणी कोणाला आणि केव्हा पाजायचे?

पाण्याची गोष्ट तर याहून गंभीर आहे. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, आणि अंथरूण वारंवार ओले होऊ नये म्हणून पाणी हात राखून दिले जाते. पेला भरलेला असतो, पण तो खिडकीत, हाताच्या टप्प्याबाहेर. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, त्या दिवसांत हे जिवावर बेतू शकते. सप्टेंबर 2017 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात चक्रीवादळाने वातानुकूलन बंद पडल्यानंतर एका नर्सिंग होममधील बारा वृद्धांचा उष्म्याशी संबंधित मृत्यू झाला, आणि मोठे रुग्णालय तेथून हाकेच्या अंतरावर होते. त्यानंतर त्या राज्याने अशा निवासांना पर्यायी वीजव्यवस्था सक्तीची केली.

आपला कायदा मुख्यतः मुलाकडे पाहतो. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमानुसार प्रांत दर्जाच्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे, म्हणजे चाळीसगावकरांना आपल्याच प्रांत कार्यालयात, निर्वाहखर्च मागता येतो. त्याची मर्यादा दरमहा 10 हजार रुपये आहे, आणि वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जिल्ह्यात निदान 150 निराधारांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद मात्र ‘शासन करू शकेल’ अशा ऐच्छिक भाषेत आहे, आणि त्यातील सेवांचा दर्जा ठरवणेही शासनावरच सोपवले आहे. संस्था विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असेल, तर तिचे हिशेब धर्मादाय आयुक्तालयाकडे जातात. पण हिशेबाच्या वहीत कोणाची पाठ दिसत नाही. खासगी केंद्रांसह सर्वांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते संमत झालेच नाही आणि 2024 मध्ये ती लोकसभा संपताच बाद झाले. इतक्या निकडीचे काम पुन्हा मुळापासून सुरू करावे लागावे, हे दुःखद आहे.

भाषेचाही येथे संबंध आहे. स्मृतिभ्रंशात, म्हणजे आठवण आणि विचारशक्ती हळूहळू ओसरणाऱ्या आजारात, पुढे शिकलेली भाषा बरेचदा आधी निसटते आणि घरची मागे उरते. जन्मभर अहिराणी बोललेली आजी परमुलखातल्या केंद्रात ‘मन्ही पाठ दुखस’ असे पुटपुटते आणि ते बडबड म्हणून सोडून दिले जाते. भेटीला जाणाऱ्या नातलगांनी म्हणूनच ठरलेल्या रविवार दुपारऐवजी कधी पहाटे, न कळवता जावे, पांघरूण बाजूला करून टाचा आणि माकडहाड पाहावे, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र जागेवर आहे का ते तपासावे, आणि शंका आली तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर कळवावे. निघण्यापूर्वी खिडकीतला पेला उचलून तिच्या हाताशी ठेवावा आणि तो तिला उचलता येतो का, हे तेथेच थांबून पाहावे.