कॅन्सरची लस आणि नॅनोकणांचे टपाल

स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटले की डॉक्टरांच्याही कपाळावर आठी पडते. पोटात खोलवर असलेला हा अवयव सुरुवातीला फारशी तक्रार करत नाही. कावीळ, पाठदुखी किंवा वजन घटल्यामुळे निदान होते, तेव्हा बहुतेक रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. ज्यांची शस्त्रक्रिया होते, त्यांच्यापैकीही बहुतेकांमध्ये आजार उलटतो. अशा १६ रुग्णांना न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये शस्त्रक्रियेनंतर एक वेगळी लस देण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले आणि जगभरच्या कॅन्सरतज्ज्ञांचे लक्ष तिकडे वेधले गेले. या लसीतला महत्त्वाचा भाग म्हणजे चरबीचा एक अतिसूक्ष्म कण.

ब्रेक काढला, पण चालक कुठे आहे?

आपल्या रक्तातील टी-पेशी बिघडलेल्या पेशींना शोधून मारतात. त्यांनी आपल्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून त्यांना निसर्गाने ‘ब्रेक’ दिले आहेत. कॅन्सर नेमके हेच ब्रेक दाबून धरतो. ते सोडवण्याचा मार्ग दाखवणारे जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. या इम्युनोथेरपीने त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरचे, फुप्फुसाच्या कॅन्सरचे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले.

मात्र सर्वांना हा लाभ होत नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तर ही औषधे एकटी जवळपास निष्प्रभ ठरतात, कारण तिथे गाठीला ओळखणाऱ्या टी-पेशीच फार कमी असतात. गाडीत चालकच नसेल, तर ब्रेक काढून उपयोग काय? म्हणून आधी टी-पेशींना शत्रूची ओळख करून द्यावी लागते.

संदेश आणि त्याचा लिफाफा

प्रत्येक रुग्णाच्या गाठीत काही जनुकीय बदल असतात आणि त्यातून निरोगी पेशींत न सापडणारी प्रथिने तयार होतात. ही प्रथिने कशी बनवायची याचा संदेश आरएनएच्या रूपात शरीराला देता येतो. अडचण अशी, की उघडा आरएनए रक्तात गेला तर काही क्षणांत नष्ट होतो. त्यामुळे तो चरबीच्या नॅनोकणात गुंडाळावा लागतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कोविडच्या आरएनए लसींमध्येही अशाच कणांचा उपयोग झाला होता.

पण लिफाफा योग्य पत्त्यावर पोहोचायला हवा. अनेक वर्षे नॅनोकणांकडून अपेक्षा होती ती औषध थेट गाठीत नेण्याची. नॅनोकणात भरलेले डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ पासून वापरात आहे आणि त्यामुळे हृदयावरचे दुष्परिणाम कमी झाले. मात्र प्राण्यांवरील प्रयोगांचा २०१६ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी साधारण ०.७ टक्के कणच गाठीपर्यंत पोहोचतात असे दिसले. बाकीचे यकृत, प्लीहा यांसारखे अवयव गाळून घेतात.

जर्मनीतील माइन्झच्या संशोधकांनी हीच मर्यादा उपयोगात आणली. प्लीहेत डेंड्रायटिक पेशी मोठ्या संख्येने असतात. शत्रू कसा दिसतो हे टी-पेशींना शिकवणाऱ्या या शिक्षक पेशी. मग कण गाठीकडे कशाला पाठवायचा, थेट या शाळेतच का पाठवू नये? २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत त्यांनी दाखवले, की कणावरचा विद्युतभार बदलला की त्याचा पत्ता बदलतो. धन भार असलेले कण फुप्फुसात जातात, तर किंचित ऋण भार असलेले प्लीहेत.

सोळा रुग्णांचे काय झाले?

न्यूयॉर्कमधील रुग्णांच्या काढलेल्या गाठी जर्मनीला पाठवण्यात आल्या. प्रत्येक गाठीतील जास्तीत जास्त २० बदल निवडून ज्याची त्याची लस तयार झाली आणि शस्त्रक्रियेनंतर साधारण नऊ आठवड्यांनी शिरेतून देण्यास सुरुवात झाली. सोबत ब्रेक सोडवणारे औषध आणि नेहमीची केमोथेरपीही होती.

१६ पैकी आठ जणांमध्ये गाठीविरुद्ध नव्या टी-पेशी तयार झाल्या. सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात या आठपैकी दोघांचा आजार उलटला. ज्यांच्यात टी-पेशी तयार झाल्या नाहीत, त्या आठपैकी सात जणांचा उलटला.

फरक मोठा असला तरी रुग्ण फक्त १६ होते आणि लस न दिलेला तुलनेचा गट नव्हता. ज्यांनी प्रतिसाद दिला, त्यांची प्रकृती मुळातच अधिक अनुकूल असेल का, या प्रश्नाचे उत्तर अशा छोट्या अभ्यासातून मिळत नाही. त्यासाठी २०२३ मध्ये मोठी तुलनात्मक चाचणी सुरू करण्यात आली.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

ही लस कॅन्सर होऊ नये म्हणून नाही, तर झालेला कॅन्सर उलटू नये म्हणून आहे. ‘नॅनो’ हा शब्द जाहिरातीत दिसला म्हणून शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी पुढे ढकलू नये. कोणी नवी उपचारपद्धती सुचवली तर दोन प्रश्न विचारावेत: याला मान्यता आहे का? आणि ही चाचणी असेल, तर तिची भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंद आहे का? नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि लेखी संमतीपत्राशिवाय चाचणी होत नाही. चाचणीतील औषधासाठी लाखो रुपये मागितले, तर सावध व्हावे.

खर्चाचा प्रश्नही आहेच. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके-मानेच्या प्रगत कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहून कमी मात्रेत, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांसोबत वापरून पाहिले. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. नवे तंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यासाठी असेही संशोधन लागते.

तोपर्यंत वेळेवर निदान हाच मोठा आधार. दुखल्याशिवाय झालेली कावीळ, कारणाशिवाय घटणारे वजन, पाठीकडे जाणारी पोटदुखी किंवा पन्नाशीनंतर वजन घटत असताना अचानक लागलेला मधुमेह, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपायांत आठवडे घालवू नयेत. डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी.