बिंगोला निघालेल्या सात बायका

टोरांटोत जगातला सगळ्यात मोठा बिंगो भरणार आहे, अशी कुणकुण कॅनडातल्या मॅनिटूलिन बेटावरच्या एका आदिवासी वस्तीत लागते आणि सात बायका जायचं नक्की करतात. जिंकलं तर एकीला गावात डांबरी रस्ता करायचाय, एकीला नवी शेगडी हवीय, एकीला संडासाचं पांढरंशुभ्र भांडं. पण जायचे पैसे? वस्तीचा प्रमुख कर्ज द्यायला नकार देतो. मग या बाया खिडक्या धुतात, लोकांची पोरं सांभाळतात, घरातलं जुनंपानं विकायला काढतात, एकमेकींशी कडाकडा भांडतात आणि पैसे उभे करतात. टॉमसन हायवे यांच्या ‘द रेझ सिस्टर्स’ या नाटकातला हा भाग. वर्गणी गोळा करण्याचं इतकं खरं आणि इतकं हसवणारं चित्र दुसऱ्या कुठल्या नाटकात माझ्या तरी वाचनात नाही.

हे नाटक ज्या संस्थेनं रंगमंचावर आणलं, तिचीही परिस्थिती त्या बायकांपेक्षा फार वेगळी नव्हती. ‘नेटिव्ह अर्थ परफॉर्मिंग आर्ट्स’ 1982 साली टोरांटोत सुरू झाली. काही आदिवासी नट एकत्र आले, कारण इतरांच्या नाटकांत त्यांच्या वाट्याला येत होते ते पिसं लावलेले मुके योद्धे. लिहून तयार असलेली नाटकं नव्हती. मिळून रचायची, मिळून करायची. हायवे क्री जमातीचे, जन्म 1951चा, उत्तर मॅनिटोबातला. लहानपणी घरापासून तोडून निवासी शाळेत घातलेले, पुढे पियानो शिकलेले, मग सात वर्षं आदिवासी संस्थांमधून समाजकार्य केलेले. नोव्हेंबर 1986मध्ये ‘रेझ सिस्टर्स’ उभं राहिलं ते नाट्यगृहात नव्हे, तर टोरांटोच्या ‘नेटिव्ह कॅनेडियन सेंटर’मध्ये. सुरुवातीला खुर्च्या रिकाम्या. मग तोंडोतोंडी बातमी पसरली आणि जागा मिळेना. टोरांटोच्या रंगभूमीचा डोरा पुरस्कार मिळाला, देशभर दौरा झाला, 1988 साली नाटक एडिनबराला गेलं. त्यातल्या नानाबुश या खोडकर दैवताचं काम हायवेंचे भाऊ रेने यांनी केलं होतं. ते नर्तक होते, आणि ते पात्र बोलण्यापेक्षा नाचतंच जास्त.

नाच म्हटला की कॅनडात कायदा आठवतो. ‘कीचकवध’वर 1910 साली आलेली बंदी आपल्याला माहीत आहे, पण ती एका नाटकावर होती. कॅनडाच्या सरकारनं पश्चिम किनाऱ्यावरच्या जमातींचा पॉटलॅच नावाचा अख्खा सोहळाच 1885 ते 1951 गुन्हा ठरवला होता. पॉटलॅचमध्ये यजमान घराणं मुखवटे घालून आपल्या पूर्वजांच्या कथा नाचून दाखवतं आणि आलेल्या पाहुण्यांना घोंगड्या, होड्या, धान्य, जे काही जमवलंय ते वाटून टाकतं. पाहुणे साक्षीदार असतात. घेतलेली भेट हा त्यांच्या साक्षीचा मोबदला. म्हणजे इथं प्रेक्षक तिकीट काढत नाही, उलट त्यालाच काहीतरी मिळतं. गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि मिशनऱ्यांना हे वेडेपण वाटलं. कमावायचं ते वाटून टाकायला?

डिसेंबर 1921मध्ये याच किनाऱ्यावरच्या व्हिलेज आयलंडवर क्वाक्वाकावाक्व जमातीच्या डॅन क्रॅन्मर यांनी मोठा पॉटलॅच केला. त्यानंतर 45 जणांवर खटले झाले. आरोप काय, तर भाषण केलं, नाचले, वाटायच्या भेटवस्तू उचलून आणल्या. जे मुखवटे सरकारजमा करतील त्यांची शिक्षा स्थगित. बाकीच्यांतले वीस स्त्रीपुरुष तुरुंगात. मुखवटे ओटावा आणि टोरांटोच्या संग्रहालयांत गेले, काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकानं विकत घेतले. ते परत मागण्यात क्वाक्वाकावाक्व लोकांची कित्येक वर्षं गेली. बरेचसे परत आले आणि ते ठेवायला 1980 साली अलर्ट बे इथं उमिस्टा केंद्र उघडलं. टोरांटोच्या नटांचा या किनाऱ्याशी थेट संबंध नाही, जमाती वेगळ्या, भाषा वेगळ्या. पण ज्या देशात देणाऱ्याला बेड्या पडल्या, तोच देश आज आदिवासी रंगभूमीला देणगी देणाऱ्याला आयकरात सूट देतो, हे विसरून पुढं जाता येत नाही.

सूट कशी, तर आपल्याकडच्या देणगीवरच्या करसवलतीसारखी. नेटिव्ह अर्थ नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे, देणगीची पावती देते. वर्षाला पहिल्या 200 डॉलरवर कमी दरानं आणि त्यापुढच्या रकमेवर जास्त दरानं करात सवलत मिळते. हा पैसा लागतो कशाला? परदेशातल्या मराठी मंडळांना हिशेब समजावून सांगायला नको: पुण्यामुंबईहून नाटक आणलं की नुसत्या तिकिटांवर भागत नाही. नेटिव्ह अर्थचं घर 2012पासून टोरांटोच्या रीजंट पार्कमधला आकी स्टुडिओ. जागा साधारण 120. रोज हाउसफुल झालं तरी एवढ्याशा खुर्च्यांतून किती येणार?

आणि प्रयोग हा शेवटचा खर्च. त्याआधी नाटक लिहून व्हायला हवं. संस्थेचा ‘वीसागीचाक बिगिन्स टु डान्स’ हा वार्षिक महोत्सव त्यासाठीच. तिथं तयार नाटक नसतंच. हातात संहिता घेऊन वाचन, अर्धामुर्धा नाच, कच्चा प्रवेश, आणि समोर प्रेक्षक. माझ्या मते संस्थेचं सर्वांत मोलाचं काम हेच, आणि पैसे मिळायला सर्वांत अवघडही हेच. भव्य इमारतीला नाव द्यायला देणगीदार मिळतात. ज्या नाटकाचा दुसरा अंक अजून जमलेला नाही त्याला कोण नाव देणार? शिवाय खर्चाची कलमंही नेहमीची नाहीत. उत्तरेकडच्या वस्तीतून एखादी आजी भाषेतले उच्चार तपासायला विमानानं येते. तालमीच्या खोलीत ती नटांइतकीच लागते.

सरकारवर विसंबावं, तर त्याचाही अनुभव आहे. ओटावाच्या नॅशनल आर्ट्स सेंटरनं इंग्रजी आणि फ्रेंच विभागांच्या जोडीला आदिवासी रंगभूमीचा स्वतंत्र विभाग काढला, केविन लोरिंग पहिले कलादिग्दर्शक झाले. सरकारकडे वर्षाला 35 लाख डॉलर मागितले. 2019च्या अर्थसंकल्पात त्यातलं काही आलं नाही. तरी त्याच सप्टेंबरात पहिला हंगाम सुरू झाला, मेरी क्लेमेंट्स यांच्या नाटकानं. निवासी शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाचा अहवाल येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. अहवालाचं कौतुक भाषणांतून भरपूर झालं होतं.

एक गुंता मात्र थोडा सुटला आहे. कॅनडात धर्मादाय संस्थेला नोंदणी नसलेल्या गटाला सरळ पैसे देता येत नसत. द्यायचे, तर ते काम आपलंच आहे असं दाखवून त्यावर आपला ताबा ठेवावा लागे. एखाद्या वस्तीतल्या नाटकमंडळीनं शहरातल्या संस्थेची कामगार बनून आपलीच गोष्ट सांगायची, असा तो प्रकार. वकील, लेखापाल लावून नोंदणी करणं लहान गटांना परवडत नाही. 2022मध्ये कायदा बदलला आणि अशा गटांना थेट अनुदान देण्याची वाट मोकळी झाली. पैसे कशासाठी दिले आणि कशावर गेले याचे कागद देणाऱ्या संस्थेला अजूनही ठेवावे लागतात. त्यामुळे तालमीच्या खर्चात आजीबाईंचं विमानाचं तिकीट काय करतंय, हे कुठल्यातरी हिशेबनिसाला समजावत बसावं लागतंच.