रूट कॅनलला 'हो' म्हणण्याआधी डॉक्टरांना काय विचाराल?

दाढ दुखते म्हणून डेंटिस्टकडे गेलात. एक्स-रे झाला आणि डॉक्टर म्हणाले, "रूट कॅनल करावं लागेल, वर कॅपही बसवावी लागेल." गोळ्यांनी दुखणं थांबलं की मनात येतं, खरंच गरज आहे का?

दुखणं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली का?

नाही. कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली की नस मरू शकते. मग वेदना थांबते, पण संसर्ग मुळाशी वाढत राहतो. रूट कॅनलमध्ये हा संसर्ग साफ करून आतली पोकळी भरतात. दाढांवर चावण्याचा जोर जास्त असतो. त्या तुटू नयेत म्हणून कॅप.

मग होकार कधी द्यायचा?

नीट समजल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं, की उपचार काय, कशासाठी, पर्याय आणि धोके कोणते, नकार दिल्यास काय होईल, याची पुरेशी माहिती देऊनच डॉक्टरांनी संमती घ्यावी.

म्हणून हे प्रश्न बिनधास्त विचारा:

- एक्स-रेमध्ये कीड कुठपर्यंत गेली आहे, दाखवाल का?
- फक्त फिलिंगने भागेल का?
- दाढ काढली तर त्या जागी काय बसवावं लागेल?
- काहीच केलं नाही तर काय बिघडेल?
- कॅपसह एकूण खर्च किती? किती वेळा यावं लागेल?

शंका राहिली तर एक्स-रे घेऊन दुसऱ्या डेंटिस्टचं मत घ्या. मात्र चेहऱ्यावर सूज, ताप किंवा तोंड उघडायला त्रास असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.