पाणी गोठायच्या आत

अमेरिकेत सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे. सुट्टी कामगारांच्या नावाची, पण मिशिगनमधल्या सरोवरांकाठी राहणाऱ्यांच्या लेखी त्या दिवशी उन्हाळा संपतो. मग धक्क्यांवरच्या बोटी एकेक करून ट्रेलरवर चढू लागतात. काही घरांच्या गॅरेजमधून मोटार बाहेर निघते आणि तिच्या जागी महोगनीची सतरा फुटी जुनी बोट आत येते. मोटारीने हिवाळाभर अंगणात बर्फाखाली उभं राहायचं, हे तोवर घरात ठरलेलं असतं. कुणी ठरवलं, हे विचारू नये.

कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि शाकारून ठेवतात. तिथे भीती खवळलेल्या समुद्राची असते, त्यामुळे होडी पाण्याबाहेर आली की अर्धी काळजी मिटते. इथलं पाणी गोठतं, आणि गोठणारं पाणी बाहेर काढलेल्या बोटीलाही सोडत नाही. ते इंजिनाच्या पोटात असतं, लाकडाच्या अंगात असतं, हवेत असतं. जुनी बोट घरी दुरुस्त करायला घेणाऱ्याचा सगळा शरद ऋतू या पाण्याशी हिशेब मांडण्यात जातो.

अशा बोटींमध्ये सर्वांत जास्त दिसणारं नाव म्हणजे ‘क्रिस-क्राफ्ट’. डेट्रॉइटच्या ईशान्येला, सेंट क्लेअर नदीकाठी अल्गोनॅक नावाचं गाव आहे; पलीकडच्या तीराला कॅनडा. १८६१मध्ये जन्मलेला ख्रिस स्मिथ आणि त्याचा भाऊ तिथे बदकांच्या शिकारीसाठी नावा बांधत. पुढे नावांवर इंजिनं आली आणि ख्रिसला वेगाचं वेड लागलं. कोळशाच्या ट्रकची पाठ उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रावर श्रीमंत झालेला गार वुड त्याला भेटला. दोघांच्या जोडीतून शर्यतीच्या बोटी निघाल्या, आणि त्यांच्यातल्या ‘मिस अमेरिका’ने १९२०मध्ये इंग्लंडमध्ये जाऊन हार्म्सवर्थ करंडक जिंकला. १९२२मध्ये स्मिथने मुलांना घेऊन वेगळी कंपनी काढली. सुरुवातीच्या बोटींत त्यांनी पहिल्या महायुद्धातून उरलेली कर्टिस विमानांची इंजिनं बसवली. ती स्वस्तात मिळत होती.

स्मिथ बापलेकांचं खरं काम शर्यतीतलं नव्हे. एकेका गिऱ्हाइकासाठी एकेक बोट घडवण्याऐवजी त्यांनी ठरलेल्या मापांच्या बोटी ओळीने बांधायला घेतल्या. मोटारींचं शहर जवळच होतं, आणि तिथली रीत त्यांनी लाकडाला लावली. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यांनी सैनिक उतरवणाऱ्या हजारो नौका बांधल्या. युद्धानंतर मध्यमवर्गीय घरांना परवडतील अशा छोट्या रनअबाउट बोटी आल्या. १९५०पासून तर घरी जोडायचे बोटींचे संचही विकायला ठेवले गेले. स्मिथ कुटुंबाने १९६०मध्ये कंपनी चार कोटी डॉलरला विकली. १९६४मध्ये फायबरग्लासची ‘कमांडर’ आली आणि काही वर्षांत महोगनीचं काम थांबलं. हेन्री फोंडा आणि कॅथरिन हेपबर्न यांचा १९८१चा ‘ऑन गोल्डन पाँड’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना यातली एक बोट आठवेल. बावीस फुटी ‘स्पोर्ट्समन’.

या बोटींची महोगनी नावापुरतीच महोगनी आहे, हे सांगायला हवं. कारखान्यात बहुतेक वापरली जायची ती ‘फिलिपीन महोगनी’. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती शोरिया गटातली झाडं, म्हणजे आपल्या सालवृक्षाची भावकी. आतल्या फासळ्या पांढऱ्या ओकच्या. वरच्या बाजूंना फळ्यांच्या प्रत्येक सांध्यामागे एक लांब पट्टी आणि तिच्यात स्क्रू मारलेले. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर महोगनीची छोटी बुचं, रेषा जुळवून बसवलेली. ही बुचं काढून आतला स्क्रू फिरवायला गेलं की नवखा माणूस पहिल्या दिवशीच फसतो. खाच फिलिप्ससारखी दिसते, पण असते फ्रीअरसन जातीची, तळाशी जास्त टोकदार. घरातला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर तिच्यात नीट बसत नाही. घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. मग स्क्रू भोवतीचं लाकूड कोरून काढावा लागतो. अशा एका बोटीत स्क्रू हजारोंनी असतात.

खरी लढाई मात्र तळाची असते. क्रिस-क्राफ्टचा तळ दुहेरी होता. आत तिरप्या बसवलेल्या पातळ फळ्या, त्यांवर मलमासारख्या लुकणात भिजवलेलं कॅनव्हास, आणि बाहेरून लांबीला धावणाऱ्या फळ्या. बोट नवी असताना ही रचना फार चांगली. लाकूड पाणी पिऊन फुगायचं, सांधे एकमेकांवर दाबले जायचे आणि गळती थांबायची. आपल्याकडे उन्हाळ्यात सुकलेलं बैलगाडीचं चाक पाण्यात ठेवतात, म्हणजे लाकूड फुगून धाव घट्ट बसते, तत्त्व तेच. पण सत्तर वर्षांत कॅनव्हास कुजतं, पितळी स्क्रूंतलं जस्त निघून जाऊन ते ठिसूळ होतात, आणि ओकच्या फासळ्या स्क्रूच्या भोकांपाशी काळ्या पडतात. बाहेरून रंग लावलेला तळ धडधाकट दिसतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं की ते आत जातं.

म्हणून वसंतापर्यंत बोट नव्याने उभी करायची असेल तर सप्टेंबरमध्ये वार्निशचा डबा उघडायचा नसतो. तरी बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, कारण वार्निश दिसतं, त्यावर शेजारी थांबून बोलतात. तळ कुणाला दिसत नाही.

तळाचं काम म्हणजे बोट पालथी घालणं. आधी आसनं आणि जमिनीच्या फळ्या निघतात. अनेकदा त्यांच्या पाठीवर कारखान्यातल्या कामगाराने लिहिलेला बोटीचा क्रमांक सापडतो. मग शेकडो किलो वजनाचं इंजिन साखळीच्या कप्पीने बाहेर येतं. नंतर पट्टे, जुन्या गाद्या, टायर आणि चार शेजारी. पालथी झाल्यावर सगळ्या जुन्या फळ्या एकदम उपटायच्या नाहीत, नाहीतर सांगाडा हळूच वाकतो आणि कळतही नाही. तळाची मागची बाजू जराशी आत वळली तर वेगात बोटीची नाळ पाण्यात घुसते. उलटी बाहेर फुगली तर बोट उड्या मारत जाते. लांब सरळ पट्टी तळावर ठेवून फासळ्यांना आधार देत, थोडं काढत, थोडं बसवत जावं लागतं. काढलेली फळी कुजकी असली तरी टाकायची नाही. नवी फळी कापायला तिच्यापेक्षा चांगला नमुना नाही. जुना रंग खरवडताना नाकावर साधं फडकं पुरत नाही, कारण त्या काळच्या रंगांमध्ये शिसं असायचं.

आता बहुतेक जण कॅनव्हासच्या जागी थ्री एम कंपनीचं ५२०० नावाचं चिकट रबरी रसायन दोन थरांमध्ये भरतात. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. वरवर सुकायला सुमारे दोन दिवस, पूर्ण मुरायला आठवडा. थंडीत आणि कोरड्या हवेत त्याहून जास्त. लाकडात मुरवायचं पातळ इपॉक्सीही थंडीत नीट जमत नाही. पारा दहा अंशांच्या खाली गेला की काम रेंगाळतं किंवा बिघडतं. आणि मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या रात्री दहा अंशांच्या खाली जायला वेळ लावत नाहीत.

मग गॅरेज तापवावं, असं कुणालाही वाटेल. इथे लाकूड आडवं येतं. हिवाळ्यातली हवा मुळात कोरडी. ती तापवली की आणखी कोरडी होते. फळी लांबीला फारशी आकसत नाही, पण रुंदीला आकसते. तळाचं रसायन घट्ट व्हावं म्हणून रात्रंदिवस हीटर लावला, तर वरच्या बाजूंच्या फळ्यांमधल्या फटी दिसू लागतात. लाकडी बोट हिवाळ्यात न तापवलेल्या, जराशा ओलसर जागेत, शक्यतो मातीच्या जमिनीवर सुखी असते. म्हणजे रसायनाला ऊब हवी आणि लाकडाला गारवा. घरी काम करणारे लोक मग जिथे काम चालू असेल तेवढ्याच भागाभोवती प्लॅस्टिकचा तंबू करतात आणि उरलेल्या बोटीवर ओली पोती टाकतात. रॉकेलचा उघडा हीटर मात्र तिथे नको. तो जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सोडतो, त्याने इपॉक्सीवर मेणचट साय येते आणि पुढचा थर धरत नाही. बंद गॅरेजमध्ये असा हीटर माणसाच्याही जिवावर बेततो, हे वेगळं.

तळ हिवाळ्याआधी झाला नाही, तर वसंतापर्यंत बोट पालथीच पडून राहते. ऑक्टोबरमध्ये या छंदातली माणसं चिडचिडी होतात, त्याचं कारण हे.

इंजिनाचा हिशेब त्याहून साधा, पण चुकीला माफी नाही. छोट्या क्रिस-क्राफ्टमध्ये साठ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं ‘बी’ किंवा पंच्याण्णव अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं ‘के’ इंजिन असायचं. ‘के’चा ठोकळा हर्क्युलिस कंपनीचा. त्यांना मोटारीसारखा रेडिएटर नाही. सरोवराचं पाणी थेट आत येतं, ओतीव लोखंडाच्या पोकळ्यांतून फिरतं आणि बाहेर पडतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. ओतीव लोखंड ताणलं जात नाही, तडकतं, आणि तडा गेल्याचं बहुतेक वेळा मे महिन्यात कळतं, तेलात पाणी उतरून ते दुधाळ झाल्यावर. म्हणून बाजूचे छोटे नळ उघडून पाणी सोडायचं. नळ उघडला आणि काहीच आलं नाही, तर इंजिन रिकामं आहे असं समजायचं नाही. कित्येक वर्षांचा गाळ त्याच्या तोंडाशी बसलेला असतो. तार घालून टोचलं की मग धार लागते. इंजिन बोटीतून काढून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलेलं असलं तरी हे करावंच लागतं. कुठे पाणी अडकलं असेल म्हणून शेवटी गुलाबी रंगाचं प्रोपिलीन ग्लायकॉल आत फिरवतात. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल, हाताने दोन फेरे, की झालं. बॅटरी घरात न्यायची आणि चार्ज ठेवायची. भरलेली बॅटरी इथल्या थंडीला दाद देत नाही, उतरलेली मात्र गोठून फुटते. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा दहा टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं आणि टाकीत खाली पाण्याचा थर बसतो, तेव्हा जुनी टाकी रिकामी केलेलीच बरी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. म्हणून इंजिनाची किल्ली फिरवण्याआधी झाकण उघडून आत नाक घालतात. एवढी उपकरणं आली, तरी ही सवय सुटलेली नाही आणि सुटू नये.

वार्निशची वेळ खरी वसंतातली. आधी लाकडाची छिद्रं भरणारा लालसर तपकिरी रंग, मग दहा ते पंधरा थर, मध्ये मध्ये कागदाने घासणं, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडणं. शरदात जमले तर दोन-तीन थर देऊन लाकूड बंद करावं आणि थांबावं. ऑक्टोबरमध्ये दुपारी तीननंतर ब्रश उचलला तर संध्याकाळच्या दवाने चकाकी जाते; सकाळी बोटीवर धुकट डाग दिसतात. चाकाचं क्रोम, मीटर, कार्ब्युरेटर, आसनांचं कातडं ही कामं तळघरात टेबलावर होतात. त्यांच्यासाठी जानेवारी आहे.

काय मूळ होतं आणि काय कुणी नंतर घुसवलं, हे ठरवायला एक सोय आहे. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये क्रिस-क्राफ्टची जुनी कागदपत्रं आहेत. बोटीचा क्रमांक कळवला की तिचं कार्ड मिळतं. कोणतं मॉडेल, कोणतं इंजिन, कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे त्यावर असतं. १९७५मध्ये स्थापन झालेली अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी प्रदर्शनांत जतन केलेल्या आणि नव्याने उभारलेल्या बोटींना वेगळं धरते. ५२००चा तळ घातला म्हणजे बोट बाटली, असं म्हणणारे लोक तिथे भेटतात.

मला त्यांचं म्हणणं पटत नाही. स्मिथ बापलेक बाजारातला सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय शोधणारे लोक होते. विमानाचं उरलेलं इंजिन बोटीत बसवणारा माणूस ५२००ची नळी बघून मागे हटला असता असं वाटत नाही. जुन्या पद्धतीचा तळ दर वसंतात काही दिवस पट्ट्यांवर लटकवून भिजवावा लागतो, पंप अखंड चालू ठेवावा लागतो, आणि वीज गेली तर बोट बुडते. घरी एकट्याने काम करून ती मुलांना चालवायला देणाऱ्याने हा धोका का घ्यावा? संग्रहालयात जाणारी बोट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कॅनव्हासच घालावं, कारण ती बोट पाण्यात उतरण्यासाठी ठेवलेली नसते, बांधणी कशी होती हे दाखवण्यासाठी असते.