अपलोड? ते कोण विचारतं!

सिनेमा चार सेकंदांत सुरू होतो. व्हिडिओ कॉलवर बॉसच्या कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट दिसते. आणि त्याच लाइनवरून, त्याच राउटरवरून तुम्ही एखादी जाडजूड फाइल पाठवायला घेतलीत की बार ११ टक्क्यांवर जाऊन ध्यानस्थ बसतो. ओळखीचं वाटतंय ना? मग आपण फाइल शेअरिंगच्या सॉफ्टवेअरला शिव्या घालतो, ते काढून दुसरं टाकतो. बार तिथेच!

खरी गोम अशी की घरगुती ब्रॉडबँड हा मुळातच एकतर्फी मामला आहे. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग ठरला २५६ केबीपीएस. २०२३मध्ये तो २ एमबीपीएस झाला. दोन्ही वेळा व्याख्येत मोजला गेला तो फक्त डाउनलोडचा वेग. म्हणजे सरकारदरबारी आपण सगळे घेणारे. घरात बसून कुणाला काही द्यायचंही असेल, हे कुणाच्या गावी नाही. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं ‘डेटावन’ आलं, तेही टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून, एडीएसएल पद्धतीने. या पद्धतीत तारेवरची एक चिंचोळी पट्टी अपलोडला आणि तिच्या कितीतरी पट रुंद पट्टी डाउनलोडला. त्यामुळे अपलोड फार तर १ एमबीपीएसच्या आसपास. आमच्या घरातले दादा लोक रात्री २चा अलार्म लावून उठायचे, कारण काही प्लॅनमध्ये २ ते ८ डाउनलोड फुकट असायचं. अपलोडसाठी अलार्म लावलेला मी कुणी पाहिला नाही.

हे सगळं मला कळलं ते आतेभावामुळे. तो रत्नागिरीत नाचण्याला राहतो आणि लग्नांचे व्हिडिओ शूट करतो. एडिटिंग पुण्यात होतं. एका लग्नाचं निवडक फुटेज साधारण २० जीबी. ते तो टोरंट सॉफ्टवेअरमधून थेट एडिटरच्या मशीनवर पाठवतो. (टोरंट म्हटलं की लगेच भुवया उंचावू नका. चोरीचा सिनेमा हा गुन्हा, पण स्वतःचं फुटेज पाठवायला कोण अडवणार?) गेल्या सीझनला फाइल पोचायला तीन-तीन दिवस लागायला लागले. एडिटर वैतागला, पार्ट्या वैतागल्या. शेवटी याचा फोन आला, “ताई, पुण्यात कॉट बेसिसवर एखादी जागा बघ गं माझ्यासाठी.”

आता बोला! कोकणातल्या पोरांनी चाकरमानी व्हायचं ही रीत जुनी. पण २०२०च्या लॉकडाउनमध्ये तर उलटी वरात निघाली होती. मुंबई-पुण्याची मंडळी गावी आली आणि लॅपटॉप घेऊन रेंजसाठी सड्यावर चढून बसली. इंटरनेट असलं तर गावातून काम होतं, हे सिद्ध झालेलं. आणि हा मात्र केवळ फाइल जात नाही म्हणून बिऱ्हाड हलवणार? मी बॅग भरली आणि वीकेन्डला रत्नागिरी गाठली.

आधी गणित

कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये, सॉफ्टवेअर दाखवतं मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट. याच्या प्लॅनचा अपलोड १० एमबीपीएस, म्हणजे स्क्रीनवर जास्तीत जास्त सव्वा एमबी दिसणार. त्या हिशेबाने २० जीबीला साडेचार तास. तीन दिवस नक्कीच नाहीत! स्पीड टेस्ट घेतली, तर अपलोड जेमतेम २. मग लॅपटॉपला राउटरची लॅन केबल जोडली आणि पुन्हा घेतली. पूर्ण १०.

सापडला एक चोर. घर जुनं, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चांगल्या दीड फुटी. राउटर ओटीवर, भाऊ माजघरापलीकडच्या खोलीत. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच भिंत वायफाय गिळून टाकते. त्यात राउटर ५ गिगाहर्ट्झवर. हा बँड वेगवान खरा, पण भिंतीपुढे २.४पेक्षा लवकर मान टाकतो. पन्नास फूट केबल खिडकीतून ओढली. आत्या म्हणाली, “वाळत घालायला दोरी झाली हो!”

जिथे अजून तांब्याची तार आहे, तिथे तिसरंच दुखणं. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने सांधे हिरवे पडतात. फोन उचलल्यावर खरखर येत असेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, आधी लाइनमन बोलवा.

पोचपावतीचा घोळ

दुसरा चोर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये होता. अपलोडवर काही मर्यादाच नाही. वाटतं, सोडलंय मोकळं तर धावेल. होतं उलटं. इंटरनेटवर आलेल्या मालाची पोचपावती परत पाठवावी लागते आणि तीही अपलोडच्याच रस्त्याने जाते. रस्ता फाइलने तुंबला की पावत्या अडकतात, मग डाउनलोडही रांगायला लागतं. घरातल्या मोबाइलवरची मालिका थांबते, आणि आत्या येऊन राउटर बंद-चालू करते! (ही गंमत नाही, तिथे रोज हेच चाललं होतं.) उपाय सोपा. मोजलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांवर लगाम घालायचा. इथे १२५०चे झाले १००० केबी. सोबत एकाच वेळी चालू असलेली बाकीची टोरंट्स थांबवली.

दार कोण उघडणार?

तरीही वेग मध्येच शून्यावर यायचा. ही शेवटची भानगड मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली. आयपी पत्ते पुरत नाहीत म्हणून अनेक कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात. मोठ्या सोसायटीचं एकच गेट असावं तसं. आतून बाहेर जाता येतं, बाहेरच्याला तुमचा फ्लॅट सापडत नाही. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावरचा वॅन आयपी आणि एखादी साइट दाखवते तो आयपी ताडून बघा. वेगळे असले आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७मधला असला, की समजायचं आपण गेटच्या आत. अशा वेळी राउटरवर पोर्ट उघडून काही उपयोग नाही. एक तर पब्लिक आयपी मागायचा, नाहीतर समोरच्याचं दार उघडायचं. एका बाजूचं उघडं असलं तरी पुरतं! पुण्याच्या एडिटरकडे पब्लिक आयपी होता. त्याने राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला, आणि त्या रात्री २० जीबी साडेपाच तासांत पोचले.

एवढं झाल्यावर भावाने इंटरनेटवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. दोन्हीकडे सारखा वेग देणारा फायबर प्लॅन आहे का?

“डाउनलोड किती पाहिजे तेवढं देतो.”

“ते नको. अपलोड किती?”

“अपलोड? ते कोण विचारतं!”

त्याने नाही, तर गल्लीतल्या दुसऱ्याने दिला. दोन्हीकडे ५० एमबीपीएस, २० जीबीला तासाच्या आत. कॉट बेसिसची जागा बघणं मी बंद केलंय. एक टीबीचं अख्खं कच्चं फुटेज पाठवायचं असेल तर मात्र या लाइनलाही पावणेदोन दिवस लागतात. ती हार्ड डिस्क भाऊ अजूनही रात्रीच्या पुण्याच्या बसने धाडतो. सकाळी पोचते.