अपंग कारागिरांसाठी एसटीची सवलत

इंदापूरहून बारामतीला अस्तर-कापड न्यायला येणाऱ्या अपंग शिंपीभाईचे एसटीभाडे हाही धंद्याचाच खर्च आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर साध्या गाडीत ७५ टक्के सवलत मिळते. म्हणजे शंभराच्या जागी पंचवीस रुपये. अपंगत्व ६५ टक्के वा जास्त असल्यास साथीदारालाही निम्मे भाडे. पण नुसती कुबडी पाहून कंडक्टर सवलत देत नाही, कागद लागतो. त्यासाठी केंद्र सरकारचे यूडीआयडी कार्ड काढावे. ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर आधार व फोटोसह अर्ज भरायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. पिवळे कार्ड ४० टक्क्यांपासून, निळे ८० पासून; पांढरे त्याखालचे, त्यावर सवलत नाही. नाव आधारप्रमाणेच लिहा. आपल्याकडे एकाच शेखची इंग्रजीत तीन स्पेलिंगे निघतात!